नगरची दोन भाषणे आणि आयर्लंडचा शब्द

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खळबळीच्या काळात वर्तमानपत्र कसे लिहिले जाते आणि ते कसे वाचावे, ह्या विषयावर मी आज चार शब्द बोलणार आहे. विषय जरा रूक्ष वाटेल. परंतु ज्या गोष्टीपासून मी सुरुवात करणार आहे ती आपल्या नगर शहरातच घडलेली आहे, आणि तिचा एक धागा सातासमुद्रापलीकडे आयर्लंड नावाच्या लहानशा बेटापर्यंत पोचतो.

सन १९१६. त्या वर्षी ३१ मे आणि १ जून ह्या लागोपाठच्या दोन दिवशी लोकमान्य टिळकांची अहमदनगर येथे दोन भाषणे झाली. त्यापूर्वी २८ एप्रिल रोजी बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली होती. जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष व न. चिं. केळकर चिटणीस होते. १ मे रोजी टिळक बेळगावला बोलले आणि महिनाअखेरीस नगरला आले. मंडालेहून सहा वर्षांची शिक्षा भोगून ते १९१४ साली परतले होते. त्यामुळे सभेत त्यांचे बोलणे टिपून घेण्यास सरकारी लघुलेखक हजर होतेच.

आता हा ‘होमरूल’ शब्द कोठला? तो आयर्लंडचा. तेथील लोक १८७० नंतरच्या काळापासून ह्या नावाने आपल्या घरचा कारभार आपल्या हाती मागत होते. त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटात १८८६, १८९३ आणि १९१२ अशी तीन वेळा विधेयके आली. तिसरे विधेयक १९१४ साली मंजूर झाले, पण महायुद्धाच्या सबबीवर अमलात न आणता ठेवून दिले गेले. आपल्याकडे ह्या चळवळीची माहिती नवी नव्हती. १८९४ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे आयरिश गृहस्थ होते आणि धंद्याने ते छापखानदार होते. पुढे केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला. मद्रासेत ॲनी बेझंट बाई ‘न्यू इंडिया’ पत्रातून होमरूलचा पुरस्कार करीत होत्या. त्याही आयरिश रक्ताच्या. ‘स्वराज्य’ म्हटले की इंग्रज अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडे. ‘होमरूल’ हा मात्र त्यांच्याच पार्लमेंटात चर्चिला गेलेला, कायद्याच्या चौकटीतला शब्द होता. म्हणून तो निवडला गेला.

परंतु काळाची गंमत पाहा. बेळगावला लीग स्थापन होण्याच्या चारच दिवस आधी, म्हणजे २४ एप्रिल १९१६ रोजी, आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये, सशस्त्र उठाव झाला. सरकारने तो आठवडाभरात मोडून काढला. ३ मे पासून १२ मे पर्यंत पुढाऱ्यांना तुरुंगात गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच नगरच्या सभेत होमरूलची मागणी झाली. काल जो शब्द सभ्य व सनदशीर होता, तो आज दारूगोळ्याच्या वासाचा झाला होता. खळबळीच्या काळाची ही पहिली खूण. शब्द तेच राहतात, पण त्यांचा अर्थ रातोरात बदलतो. आणि वर्तमानपत्राचा तर सगळा संसार शब्दांवर चालतो.

डब्लिनमध्ये त्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे काय झाले, हेही ऐकण्यासारखे आहे. फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन नावाचे एक पत्रकार होते. शांततावादी आणि स्त्रियांच्या हक्कांचे पुरस्कर्ते. त्यांचा उठावात भाग नव्हता. शहरात लूट सुरू झाली तेव्हा ती थांबवण्यासाठी नागरिकांना एकत्र करण्याच्या खटपटीत ते होते. घरी परतताना सैनिकांनी त्यांना पकडले आणि २६ एप्रिलच्या सकाळी एका कॅप्टनच्या हुकमावरून, चौकशी नाही, खटला नाही, बराकीच्या आवारात गोळ्या घातल्या. त्यांच्याबरोबर डिक्सन व मॅकिंटायर हे आणखी दोन संपादक मारले गेले. त्यांचाही उठावाशी संबंध नव्हता; उलट त्यांची पत्रे सरकारला अनुकूल अशीच होती. पुढे त्या कॅप्टनवर लष्करी खटला झाला आणि तो वेडाच्या भरात होता असे ठरले.

दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक पत्रांनी व अधिकाऱ्यांनी ह्या उठावाला ‘सिन फेन’चे बंड म्हणून टाकले. सिन फेन हा आर्थर ग्रिफिथ ह्यांनी स्थापिलेला एक लहान पक्ष होता. उठाव त्या पक्षाने केलेला नव्हता. पण छापखान्यातून एकदा शिक्का बसला तो बसला. ज्यांना फाशी-गोळीचा राग आला ते लोक त्या नावाभोवती जमू लागले, आणि १९१८ च्या निवडणुकीत ह्याच पक्षाने आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा जिंकल्या. वर्तमानपत्राने लावलेल्या चुकीच्या नावाने एका देशाच्या राजकारणाला कसे वळण लागले, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण मिळणार नाही.

आता पुन्हा नगरकडे येऊ. २३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात समारंभ झाला, लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि त्याच दिवशी सरकारची नोटीसही आली. बेळगावचे एक आणि नगरची दोन, अशा तीन भाषणांवरून आपल्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, अशी ती नोटीस होती. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने ऑगस्टमध्ये निकाल दिला की वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत. टिळकांनी मुंबई हायकोर्टात दाद मागितली. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमदअली जीना. १९०८ च्या खटल्यातही टिळकांच्या जामिनासाठी जीनांनीच अर्ज केला होता. तेव्हा यश आले नव्हते. ह्या वेळी आले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा ह्यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला.

ह्या निकालातले तत्त्व विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे. न्यायालयाचे म्हणणे असे होते की एखादे भाषण तपासावयाचे तर त्यातील एखाददुसरे सुटे वाक्य उचलून भागत नाही. ते सारे भाषण शांतपणे वाचले पाहिजे आणि त्याचा एकंदर परिणाम काय होतो ते पाहिले पाहिजे. सरकारी वकिलांच्या हाती खुणा केलेली वाक्ये होती. जीनांनी सबंध भाषणे पुढे केली. राजा बदलावा असे ह्या भाषणांत म्हटलेले नव्हते. मधल्या कारभाऱ्यांच्या मुठीतला कारभार लोकांच्या हाती यावा, एवढीच मागणी होती.

आणि सबंध भाषण वाचले म्हणजे काय सापडते, हेही सांगतो. कारण ते आपल्या नगरविषयी आहे. ३१ मे च्या भाषणात टिळकांनी ‘परका कोण?’ हा प्रश्न घेतला. परकेपणा कातडीच्या रंगात नसतो, धर्मातही नसतो, तो हितसंबंधात असतो. जो ह्या देशाचे भले पाहतो तो परका नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्या मुसलमान राजांनी ह्याच अहमदनगरात राज्य केले त्यांना मी परके म्हणत नाही, असे सांगून त्यांनी कारण दिले की ते येथे आले, येथेच राहिले आणि येथले उद्योगधंदे चालावेत अशी त्यांची इच्छा होती. निजामशाहीच्या राजधानीत, भरसभेत हे बोलले गेले. १८९३ च्या दंगलींनंतर टिळकांनी जे लिहिले त्याविषयी मुसलमानांच्या मनात सल होता, हे इतिहासात नमूद आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण न्यायालयाने भाषणाला लावलेला नियम माणसालाही लागतो. माणूसही सुट्या वाक्यावरून वाचू नये, सबंध वाचावा. त्याच वर्षी डिसेंबरात लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग ह्यांच्यात करार झाला, आणि तो घडवून आणण्यात टिळक आणि जीना ह्या दोघांचाही मोठा वाटा होता.

त्याच १९१६ सालची आणखी एक हकीकत आहे. कलकत्त्याला एक तरुण मौलाना उर्दू साप्ताहिक चालवीत होते. ‘अल्-हिलाल’ त्याचे नाव. जुलै १९१२ मध्ये ते निघाले तेव्हा संपादकाचे वय पुरते चोवीसही नव्हते. १९१० च्या प्रेस ॲक्टाखाली सरकार छापखान्याकडून अनामत रक्कम मागत असे आणि मजकूर न रुचला की ती जप्त करीत असे. ‘अल्-हिलाल’कडून आधी दोन हजार व मग दहा हजार मागितले गेले आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ते बंद पडले. एका वर्षाने संपादकाने ‘अल्-बलाग’ काढले. १९१६ च्या वसंतात त्यांना बंगालबाहेर काढण्यात आले, तेही पत्र बंद पडले आणि पुढील साडेतीन वर्षे त्यांनी रांचीला नजरकैदेत काढली. हे मौलाना अबुल कलाम आझाद. दिल्लीला मौलाना महंमदअलींच्या ‘कॉम्रेड’ची अनामत अशीच जप्त झाली होती. बेझंटबाईंच्या ‘न्यू इंडिया’कडूनही १९१६ मध्येच जामीन मागितला गेला. म्हणजे कलकत्ता, दिल्ली, मद्रास, पुणे आणि डब्लिन, सगळीकडे चाक एकच होते आणि भाषा तेवढ्या वेगवेगळ्या.

मौलाना आझादांचे नगरशी पुढे जे नाते जडले ते येथल्या मुलांना ठाऊक असेल. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल आदी नेत्यांबरोबर त्यांना आपल्या किल्ल्यात आणून ठेवले. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्याला वारली, तेव्हा ते ह्याच भिंतींआड होते. येथेच त्यांनी ती पत्रे लिहिली जी पुढे ‘गुबारे खातिर’ ह्या नावाने पुस्तकरूप झाली. पत्रे टाकण्याची परवानगी नव्हती, तरी ते लिहीत राहिले. ज्याची दोन पत्रे सरकारने बंद पाडली तोच पुढे स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला आणि २००८ पासून त्याचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षणदिन म्हणून पाळला जातो. पत्रकाराच्या हाती शिक्षणखाते जावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

परंतु मित्रांनो, गोष्ट एकाच बाजूने सांगितली तर माझ्यात आणि त्या खुणा करणाऱ्या वकिलांत फरक तो काय राहिला? होमरूलची मागणी होत असता आपल्याच जिल्ह्यात एक वेगळा आवाज उठत होता. नेवासे तालुक्यातील तरवडी ह्या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ नावाचे पत्र चालवीत. १९१० साली सुरू झालेले हे सत्यशोधक विचाराचे पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरीपर्यंत चालले. खेड्यात छापखाना आणून शेतकऱ्यांसाठी पत्र काढणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. सत्यशोधकांचा सवाल साधा होता: स्वराज्य येणार ते कोणाच्या हाती? शेतकऱ्याच्या, अस्पृश्याच्या वाट्याला त्यात काय येणार? हा प्रश्न विचारणारे देशद्रोही नव्हते.

आयर्लंडातही असाच प्रश्न होता. उत्तरेकडील अल्स्टर भागातल्या प्रॉटेस्टंट लोकांना भीती वाटे की होमरूल आले तर आपण कॅथॉलिक बहुसंख्येखाली दबून जाऊ. १९१२ साली त्यांतील लाखो लोकांनी विरोधाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. त्यांची भीती खरी किती आणि फुगवलेली किती, हा वाद वेगळा. पण एका बाजूची पत्रे तिची टिंगल करीत आणि दुसऱ्या बाजूची तिला फुंकर घालीत. शांतपणे ती समजून घेणारे थोडे. शेवटी १९२१ मध्ये बेटाचे दोन तुकडे झाले. आपल्याला हे १९४७ च्या अनुभवावरून निराळे सांगावे लागत नाही.

फाळणीच्या आगेमागे आयर्लंडात पत्रांची आणखी दैना झाली. १७६३ पासून चालत आलेले ‘फ्रीमन्स जर्नल’ हे डब्लिनचे जुने दैनिक. १९१९ साली इंग्रज सरकारने ते काही काळ बंद पाडले, आणि मार्च १९२२ मध्ये तहाविरोधी बंडखोरांनी त्याची यंत्रे घणांनी फोडली. १९२४ साली ते कायमचे थांबले. एकाच पत्राला दोन्ही बाजूंचा मार बसला. याउलट त्याच लढ्यात ‘आयरिश बुलेटिन’ नावाचे चक्रमुद्रित पत्रक गुप्तपणे निघत असे. ते प्रचाराचेच होते. पण नाव, गाव, तारीख ह्यांत ते शक्यतो चूक होऊ देत नसे. म्हणून परदेशचे पत्रकारही त्याचा आधार घेत. नेमकेपणा हे गरिबाच्या पत्राचे मोठे भांडवल असते.

१९६८ नंतर उत्तर आयर्लंड पुन्हा पेटले आणि ती आग १९९८ च्या करारापर्यंत तीस वर्षे जळत राहिली. साडेतीन हजारांवर माणसे मेली. तेथील एका शहराला एक समाज ‘डेरी’ म्हणतो, दुसरा ‘लंडनडेरी’. बातमीदाराने नाव उच्चारले की तो कोणाचा, हे ऐकणारा ठरवून मोकळा! ह्याच शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी मोर्च्यावर सैनिकांनी गोळीबार केला. तेरा माणसे त्या दिवशी ठार झाली, एक नंतर वारला. ती माणसे शस्त्रधारी होती असे सैन्याने सांगितले. तीन महिन्यांत सरकारी चौकशी झाली आणि तिने बव्हंशी सैन्याचीच बाजू उचलली. प्रत्यक्ष पाहणारे पत्रकार व नागरिक वेगळे सांगत होते. दुसरी चौकशी नेमली गेली १९९८ मध्ये, तिचा अहवाल आला जून २०१० मध्ये, आणि त्यात मृत माणसे निर्दोष ठरली. इंग्लंडच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात माफी मागितली. ह्याला अडतीस वर्षे लागली! पहिल्या दिवशीची बातमी सरकारी असो की गल्लीतली, ती अखेरची समजू नये.

बंदीचेही तेच. १९८८ ते १९९४ पर्यंत ब्रिटिश सरकारने काही संघटनांच्या लोकांचा आवाज रेडिओ-टेलिव्हिजनवर ऐकवण्यास मनाई केली होती. मग चित्र त्या माणसाचे आणि आवाज नटाचा, असा प्रकार सुरू झाला. बंदीने विचार थांबला नाही, बंदीचे हसे मात्र झाले. आपल्याकडे जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, मजकूर आधी तपासून घेण्याचे बंधन आले. ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि ‘साधना’सारख्या साप्ताहिकाने सेन्सॉरशी कोर्टात झगडा दिला. वाचकांनी कोरी जागाही वाचली.

आता ह्या सर्वांतून आपण काय घ्यावयाचे? आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइल हा एक छापखाना आहे. त्याला अनामत नाही, संपादक नाही, मुद्रितशोधक नाही. गावात काही कुरबूर झाली की पहिल्या तासात दहा मजकूर येतात. अर्धे वाक्य, कोठला तरी जुना फोटो, भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा. हे तुकडे म्हणजे १९१६ च्या वकिलांची खुणा केलेली वाक्येच होत. त्यांवरून आपला मुलगा रस्त्यावर उतरला, किंवा त्याने तो मजकूर पुढे ढकलला आणि पोलिसांत त्याचे नाव गेले, तर त्याचे वर्ष वाया जाते, कधी कधी आयुष्य जाते. पालकांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. आणि जो तुकडा आपल्या समाजाविरुद्ध आहे तो खोटा आणि जो आपल्या बाजूचा आहे तो खरा, असा न्यायही करू नये. नियम दोन्हींना सारखाच लावला तर तो नियम.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडके आहे. बातमी वाचताना आधी विचारा, हे सांगणारा तेथे होता काय? मग विचारा, हे सबंध आहे की तुकडा? तिसरे, ह्यात नाव कोणी ठेवले आणि ते नाव खरे आहे काय? आणि चौथे, दुसऱ्या बाजूचे पत्र काय म्हणते? ह्यासाठी शाळेच्या वाचनालयात एक मराठी, एक उर्दू आणि एक इंग्रजी, अशी निदान तीन दैनिके रोज यावीत आणि एकच बातमी तिन्हींत कशी आली आहे ते मुलांनी आठवड्यातून एकदा फळ्यावर लिहून काढावे, अशी माझी संस्थाचालकांना विनंती आहे. आपल्या मुलांना घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, ह्याचे ओझे वाटते असे पालक म्हणतात. मला ते ओझे वाटत नाही. ज्याला दोन भाषांतली पत्रे वाचता येतात त्याला फसवणे दुप्पट कठीण असते.

आणि ज्या मुला-मुलींना पत्रकार व्हावेसे वाटते त्यांना घरच्यांनी अडवू नये. धंदा जोखमीचा आहे, हे खरे. २०१९ साली त्याच डेरी शहरात दंगलीचे वार्तांकन करताना लायरा मकी ही एकोणतीस वर्षांची पत्रकार मुलगी गोळी लागून गेली. पण आपल्याविषयी दुसऱ्यांनी चुकीचे लिहिले अशी तक्रार आपण नेहमी करतो. बरोबर लिहिणारे आपल्यातून तयार झाले नाहीत तर ती तक्रार ऐकणार कोण? त्यांनी आपली बाजू लिहावी असे मी म्हणत नाही. त्यांनी घडले ते लिहावे. आपली बाजू खरी असेल तर ती त्यात येईलच.